आईचा पाव तास

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, डॉक्टरबाईंना तर नाहीच. बंगळुरात आमचं दुसरं घर मिळालं ते एका लहान मुलीच्या एका शब्दावर. तो शब्द पाहुण्यांनी ऐकला, डॉक्टरबाईंनी ऐकला, तिच्या आईनं ऐकला. सगळ्यांचे डोळे भरून आले. त्या शब्दामागे काय होतं हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

आता पन्नाशी उलटली. लिहायला बसलो तर आधी आठवतं ते मात्र हे नव्हे. आधी आठवतो मल्लेश्वरममधला सकाळचा वास. कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफीच्या बिया भाजायला टाकलेल्या असायच्या. संपिगेची, म्हणजे सोनचाफ्याची झाडं रस्त्याला दोन्ही बाजूंनी, आणि मार्गशीर्षात इतकं धुकं की सायकलवरून जाताना पुढचं चाक तेवढं आपलं वाटायचं. आमच्या पहिल्या घरात पंखा नव्हता. लागायचाच नाही. लाल गुळगुळीत फरशी सकाळी पायाला अशी गार लागायची की नवीन आलेली मुलं आधी पाय वर घेऊन बसायची.

मी मूळचा बेळगावकडचा, खानापूरच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मराठी घरची भाषा, कन्नड गावची. चुलतभावाबरोबर बंगळुरात आलो, दोन महिने एका वखारीत कारकुनी केली, आणि तिथं कोणीतरी सांगितलं की मल्लेश्वरममध्ये एका डॉक्टरबाईंना दोन्ही भाषा येणारा, लहान मुलांना न मारणारा मास्तर हवा आहे. पहिल्या भेटीत बाईंनी मला दुसरं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "मारलंय कधी मुलाला?"

मी खरं सांगितलं. "एकदा. छडीनं. मग आठवडाभर जेवण गेलं नाही."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या."

बाई धारवाडच्या. मराठी चांगलं बोलायच्या, त्याला कन्नडची फोडणी असायची. विलायतेला जाऊन त्या एक नवीनच विद्या शिकून आल्या होत्या. आज तिला वर्तन-उपचार म्हणतात. तेव्हा आमच्याकडे तिला नाव नव्हतं. सहा-सात वर्षांची झाली तरी न बोलणारी, डोकं भिंतीवर आपटणारी, अंगाला हात लावू न देणारी मुलं त्यांच्याकडे यायची. अशा मुलांना तोवर लोक देवळात बसवत, नाहीतर मागच्या खोलीत कोंडत. बाई म्हणायच्या, मूल वेडं नाही, त्याला सवय लावायची. मोठ्या सवयीचे बारीक बारीक तुकडे करायचे. एक तुकडा जमला की लगेच, त्याच क्षणी, बक्षीस द्यायचं. न जमला तर रागवायचं नाही, गप्प वाट बघायची. आमचं बक्षीस म्हणजे डाळं आणि गुळाचा खडा. प्रत्येकाकडे एक पत्र्याचा डबा. गल्लीतले लोक त्या घराला 'मातिन मने' म्हणायचे, म्हणजे बोलण्याचं घर.

एका मुलाला एक तास. त्यातला पाऊण तास आमचा आणि शेवटचा पाव तास आईचा. आई आत यायची, डबा तिच्या हातात जायचा, आणि आम्ही भिंतीशी बसून तिला शिकवायचो. हा पाव तास म्हणजे बाईंचा धर्म होता.

"मास्तर, मूल आपल्याकडे एक तास असतं. आईकडे तेवीस," त्या म्हणायच्या. "आपण मधले. मधल्या माणसानं लवकर बाजूला व्हावं."

म्हणून एका माणसाकडे सकाळी नऊ ते एकपर्यंत चारच मुलं. पाचवं नाही. आम्ही तिघं काम करायचो, म्हणजे घरात बारा मुलं. सकाळी बाई एका मोठ्या इस्पितळात असायच्या, दुपारी येऊन आमच्या नोंदवह्या वाचायच्या. वहीत प्रत्येक मुलाचे तीन रकाने: माझ्याबरोबर, आईबरोबर, घरी. बाई पहिल्या रकान्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. बोट थेट दुसऱ्यावर.

ती मुलगी माझ्याकडे आली ती मराठी घरची म्हणून. येलहंक्याचं कुटुंब. पाच-सहा पिढ्या इकडेच गेलेल्या, नवरा तिथल्या पेठेत शिवणकाम करायचा. मुलगी सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडातून शब्द नाही. आवाज यायचा, घशातल्या घशात काढलेला, भांड्यात पाणी उकळल्यासारखा. आई सकाळच्या पॅसेंजरनं तिला घेऊन यायची, स्टेशनवरून चालत. पहिल्या दिवशी तिनं माझ्यापुढं मुलीचं तोंड उघडून दाखवलं.

"अण्णा, बगा की. जीभ हाय, दात हायत. सगळं हाय. मग बोलत का नाही ही?"

"बोलेल अक्का."

"असंच सांगतात सगळे. मागल्या वर्षी एकानं जिभेवर मध चाटवलं, सोन्याच्या अंगठीनं. अंगठी त्यानंच नेली."

हे सांगून ती स्वतःच हसली. ती हसायची तेव्हा पदर दातात धरायची. तिचं हसू पुढं मी फार दिवस पाहिलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

मुलीला ओठ मिटायला तीन आठवडे गेले. मग 'प'. मग 'पा'. मी पाण्याचा पेला धरून बसायचो. एका सकाळी तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "पाणी." जसं काही रोजच म्हणते. डब्यातलं डाळं माझ्या हातून फरशीवर सांडलं. आमच्याकडे एक आज्जी होती, मुलांचं हागणं-मुतणं काढायची आणि साऱ्या घरावर राज्य करायची. ती दारातून ओरडली, "मास्तर, मुलगी बोलली तर तुमची वाचा गेली काय?"

पण माझ्याशी बोलणं हा पहिला रकाना होता. दुसरा रिकामा. आईच्या पाव तासात काहीच व्हायचं नाही, कारण आईला वाट बघता यायची नाही. मुलगी डब्याकडे हात करायची, आणि आई लगेच देऊन टाकायची.

"देऊ नका अक्का. थांबा. ओठ मिटू दे."

"कसं थांबू अण्णा? बगतीय की माझ्याकडं."

"बघू दे. तुम्हीही बघा."

"मला रडू येतंय."

"येऊ दे."

तिला खरंच रडू यायचं, आणि मुलगी तिचं रडणं बघत डाळं खायची. हे महिनाभर चाललं. मग एका दिवशी आई थांबली. डबा घट्ट धरून, ओठ चावून थांबली. मुलगी तिच्याकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ एकमेकांवर आले. आवाज नाही. नुसते ओठ, पण ते आईकडे बघून. मी त्या दिवशी दुसऱ्या रकान्यात एक बारीक टिंब काढलं. दुपारी बाईंनी त्या टिंबावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. म्हणाल्या, "आणखी एक महिना. घाई बेडा, घाई नको."

तो महिना मी दिला नाही.

का दिला नाही हे सांगताना स्वतःची बाजू मांडण्याचा मोह होतो. बाजू होतीही. फाटकाशी माणसं यायची. बारा मुलं झाली की बाकीच्यांना परत पाठवायचं, आणि ते काम माझं होतं. एकदा कोलारकडचा एक बाप खांद्यावर मुलगा घेऊन आला. नाही म्हटलं तर पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मुलगा त्याच्या खांद्याला चावत होता आणि तो नुसता खांदा बदलत होता. मी त्याला तीनदा नाही म्हटलं आणि आत येऊन कॉफी प्यालो. कॉफी गोड लागली नाही, एवढंच.

शिवाय घरमालक घर विकायच्या गोष्टी करत होता. बारा मुलांवर ते घर चालत नव्हतंच, बाई इस्पितळातला पगार त्यात घालत होत्या. आणि शिवाय, हे तिसरं मी त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नसतं, दुसरं घर झालं तर तिथला मुख्य मी होणार होतो. शाळामास्तराला 'मुख्य' हा शब्द फार गोड लागतो.

मी हिशोब मांडला. चार मुलांचा पाव-पाव तास काढला तर पाचवं मूल बसतं. तिघांची मिळून तीन मुलं जास्त. बाईंना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "पाचवं मूल कुणाच्या तोंडचा घास खाणार, मास्तर?"

"बाई, बाहेर पायरीवर बसलेल्याच्या तोंडात तर एकही घास नाही."

त्या पदरानं चष्मा पुसू लागल्या. हा बाण लागणार हे मला माहीत होतं. शेवटी म्हणाल्या, "ज्या आयांना जमलंय त्यांचा पाव तास सोडा. ज्यांना जमलं नाही त्यांचा नाही. वही बघून ठरवू."

वही माझ्या हातात होती.

सुरुवात मी येलहंक्याच्या अक्कापासून केली. तिचा तास दहा ते अकरा. अकरा वाजून वीस मिनिटांनी मल्लेश्वरम स्टेशनात तिची परतीची गाडी. अकराला सुटली की मुलीला काखेत घेऊन पळायची, आणि चुकली तर दुपारपर्यंत फलाटावर. एके दिवशी पाऊण तास झाल्यावर मी मुलीला घेऊन बाहेर व्हरांड्यात आलो.

"अक्का, आज लवकर सोडतो. रमत गमत जा. गाडी मिळेल."

"आणि माझं शिकायचं, अण्णा?"

"तुम्हाला जमलंय की. आता घरीच करा."

"जमलंय म्हणता?" तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी पितळी डब्यातून अवरेकाईची, म्हणजे पावट्याची उसळ आणली. हंगाम होता. एकेक दाणा सोलून वर पुन्हा त्याची पातळ साल काढलेली. किती वेळचं काम असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. "तुमी माजी गाडी वाचवता," ती म्हणाली. मी ती उसळ खाल्ली. चवीला फार चांगली होती.

त्याच आठवड्यात मी दुसरा रकाना भरायला लागलो. माझ्याबरोबर ती जे शब्द बोलायची, त्यांतले निम्मे मी 'आईबरोबर'मध्ये लिहायचो. सगळे लिहिले नाहीत. सगळे लिहिले असते तर बाईंना संशय आला असता. खोटं किती बेतानं बोलायचं हेही एक कसब आहे, आणि ते मला आपोआप आलं. दहा पंचेचाळीसला कोलारच्या त्या माणसाचा मुलगा आत यायचा. त्याला खरंच गुण आला, हेही खरं आहे. पुढं तो स्वतःच्या हातानं जेवायला लागला. त्याच्या बापानं माझे पाय धरले. मी काय म्हणून ते धरू दिले, कोण जाणे.

आज्जीला मात्र दिसत होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वहीनं तिला फसवता आलं नाही. एकदा मी खोलीबाहेर गेलो होतो आणि ती मुलीला पाणी देत होती. मुलगी नुसती उं उं करत होती. मी डबा घेऊन आत आलो आणि मुलगी म्हणाली, "पाणी." आज्जीनं पेला खाली ठेवला.

"ही तुमच्याशी नाही बोलत, मास्तर. तुमच्या डब्याशी बोलते."

"सगळी आधी डब्याशीच बोलतात, आज्जी."

"मग माणसाशी कधी?"

मी हसून घेतलं. उत्तर मला येत होतं. माणसाशी बोलणं त्या पाव तासातच शिकवायचं असतं. डबा हळूहळू आईकडे जातो, मग हळूहळू नाहीसाच होतो.

त्यानंतर शेटजी आले. चिकपेठेतले रेशमाचे मोठे व्यापारी, बाईंच्या वडिलांचे स्नेही. बसवनगुडीत त्यांचं एक घर रिकामं पडून होतं, ते आम्हाला देणार होते. पण आधी डोळ्यांनी बघणार होते. रविवारी सकाळी यायचं ठरलं. बाईंना असले खेळ आवडत नसत. "मूल म्हणजे काय माकड आहे?" असं त्या दोनदा म्हणाल्या. पण घरमालकाचं पत्र टेबलावर होतं. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

मी येलहंक्याच्या मुलीला निवडलं. तिला तोवर बारा-पंधरा शब्द येत होते, आणि उच्चार स्वच्छ. शेटजी पांढरी टोपी, पांढरं धोतर, हातात काठी. सोबत दोन स्नेही. भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगी नव्या परकरात, आई दाराशी पदर घेऊन. मी एकेक वस्तू उचलत गेलो. "पाणी." "फूल." "गाय." चित्रातली गाय. "चेंडू." शेटजी प्रत्येक शब्दाला मान हलवत होते, सासुरवाडीला जेवताना पदार्थ आवडल्याची पावती द्यावी तशी. मी मनात म्हटलं, झालं, पार पडलं.

तेवढ्यात शेटजी दाराकडे वळून म्हणाले, "मास्तरांनी घोकून घेतलंय ते ठीक. आता आईनं विचारू दे."

बाई आनंदानं पुढं झाल्या. त्यांना वाटलं, हाच तर आपला दुसरा रकाना. "या अक्का, या," म्हणत त्यांनी आईला हात धरून मुलीपुढं बसवलं आणि पेला तिच्या हातात दिला.

आईनं पेला दोन्ही हातांनी धरला. दोन महिने ती त्या जागेवर बसली नव्हती. मी उठलो. वाटेतून बाजूला झाल्यासारखं करून आईच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. डबा माझ्या हातात होता. मी तो छातीशी धरला आणि झाकण अंगठ्यानं किंचित वर केलं.

मुलीनं आईच्या खांद्यावरून वर बघितलं. आणि म्हणाली, "पाणी."

आईच्या हातातला पेला पडला. तिनं मुलीला छातीशी धरलं आणि ती मोठ्यानं रडली. "बोलली गं बाय माजी, बोलली माज्याशी." शेटजींनी उपरण्यानं डोळे पुसले. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. सांडलेलं पाणी लाल फरशीवर पसरत माझ्या पायाशी आलं. मुलगी आईच्या मिठीतून डाव्या बाजूला हात काढून माझ्याकडे पसरत होती. तिला तिचं डाळं हवं होतं. मी दिलं. सगळ्यांना वाटलं, मास्तरांनी कौतुक केलं.

बसवनगुडीचं घर त्याच दिवशी आमचं झालं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी अक्का एकदा व्हरांड्यात थांबून राहिली. मुलीला कडेवर घेतलं होतं, खाली सोडलं नव्हतं.

"अण्णा, घरी एक सबुद नाही."

"होईल हळूहळू."

"त्या दिशी माज्याशी बोलली की. सगळ्यांनी ऐकलं. मग आता का नाही? माजंच कायतरी चुकतंय."

हाच तो क्षण होता. कोलारचा मुलगा अजून यायचा होता, व्हरांड्यात दुसरं कोणी नाही, आज्जी मागे कपडे वाळत घालत होती. एक वाक्य बोललो असतो तर अक्का सुटली असती, मुलगीही सुटली असती. पाव तास परत चालू करता आला असता. फार तर कोलारच्या मुलाची वेळ बदलावी लागली असती. पण मग बाईंना वही कळली असती, शेटजींना डबा कळला असता. आणि मी काय बोललो? मी म्हणालो,

"तुम्ही लाड फार करता, अक्का. मागायच्या आधी देता. स्वल्प कडक व्हा."

विद्येच्या दृष्टीनं हे वाक्य चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं. शिकवल्याशिवाय ते कोणाच्या हातात द्यायचं नसतं.

ती कडक झाली. पुढच्या आठवड्यात तिनं मला शाबासकी मिळावी म्हणून सांगितलं. "तुमी सांगितल्यापरमाणं केलं अण्णा. 'पाणी' म्हटल्याबिगर पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. सकाळपासून संध्याकाळपातुर बगितलं. म्हटलीच नाही. मग तिनं न्हाणीघरात जाऊन बादलीतलं प्यालं. जनावरासारकं. मग मी..." पुढचं तिनं सांगितलं नाही, पण तिनं स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून दाबला. मी मुलीकडे बघितलं. गालावर काही दिसत नव्हतं. आईच्या कडेवर ती आता अंग चोरून बसली होती.

मी म्हणालो, "मारू नका." एवढंच.

त्या सुमारास बसवनगुडीचं घर सुरू झालं म्हणून शेटजींनी आम्हा सगळ्यांना मोटारीतून बेळ्ळंदूरच्या तळ्यावर नेलं. आता तिकडे गेलं तर मोटारी आणि उंच इमारतींतून वाट काढावी लागते. तेव्हा शेतं होती, तळ्यात बगळे, आणि काठावर एक कोळी जाळं वाळवत बसलेला. आम्ही केळीच्या पानावर चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात खाल्ला. आज्जीनं मोटारीत उलटी केली आणि त्याबद्दल शेटजींच्या ड्रायव्हरलाच शिव्या दिल्या. असे दिवस पुन्हा आले नाहीत. बाई पाण्याच्या कडेला चप्पल काढून बसल्या होत्या. मला बोलावून म्हणाल्या,

"मास्तर, ती आपली येलहंक्याची. आता घरी तोंडाचा पट्टा चालू असेल ना?"

"हो बाई."

"तुमची वही मी नव्या लोकांना शिकवायला वापरणार आहे. आई किती लवकर शिकू शकते हे मला उगाच कमी वाटत होतं. तुम्ही मला खोटं पाडलंत." त्या हसल्या. हरल्याचा आनंद होणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

आणि तसंच झालं. माझी वही दोन्ही घरांत शिकवली गेली. पाव तास आधी 'गरजेप्रमाणे' झाला, मग महिन्यातून एकदा, मग नवीन कामाला आलेल्या तरुण मुलामुलींना असा काही पाव तास होता हेच माहीत नव्हतं. दोनाची चार घरं झाली. मुलं शंभराच्या वर गेली. आमच्याकडे ती छान बोलायची.

अक्का यायची थांबली. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग नाहीच. एका सकाळी मी गाडीत बसून येलहंक्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. शिवणाच्या दुकानामागे त्यांचं घर. तिनं मला पाट दिला, कॉफी केली. मुलगी खांबामागे होती. मला बघितल्यावर ती बाहेर आली, माझ्या हातांकडे बघितलं, खिशाकडे बघितलं, आणि पुन्हा खांबामागे गेली.

"तुमाला ओळखलं तिनं," अक्का म्हणाली. "मला बगून लपत्या."

"अक्का, मला एक सांगायचं होतं."

"काय नगा सांगू, अण्णा. तुमी लई केलं. माज्याच हाताला यश नाही. सगळ्यांच्या आया शिकतात, मला जमलं नाही." मग ती पदर दातात न धरता हसली, अगदी जरासं. "पण एकदा बोलली बगा. माज्याशी. सगळ्यांच्या समोर. तेवढं देवानं दिलं. तेवढ्यावर दिवस काढते."

मी कॉफी संपवली. पेला खाली ठेवला. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते तिच्याकडून हिरावून घ्यायला नको म्हणून मी बोललो नाही. काही अंशी ते खरंही असेल. पण तिकडे निघताना ती असं म्हणेल हे मला माहीत नव्हतं, आणि तिनं ते म्हटल्यावर माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. दया आली असती तर ते चढलं असतं.

डॉक्टरबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या मला मास्तरच म्हणायच्या आणि नव्या माणसांना माझी ओळख करून देताना त्या वहीचं नाव घ्यायच्या. मागच्या वर्षी मी चारही घरांचं काम सोडलं. सोडायच्या आधी मुख्य या नात्यानं पाव तास पुन्हा सुरू करा असं लिहून दिलं. तरुण मंडळींनी विचारलं, का? वही तर उलट सांगते. मी कारण लिहिलं नाही. दोन घरांत तो सुरू झाला, दोन घरांत नाही.

अक्का अजून येलहंक्यातच आहे, त्याच घरात. नवरा गेला. मुलगी आता मोठी बाई झाली आहे. आईला पाणी आणून देते, केर काढते, बोलत नाही. हे मला त्यांच्या शेजारच्या एका माणसाकडून कळलं, मी विचारल्यावर.

मी तिचं देणं लागतो ते असं. तिच्यापुढं बसून मला सांगायचं आहे की मुलगी बोलली नाही यात तिची चूक नव्हती, तिचा पाव तास मी काढून घेतला होता. आणि त्या रविवारचा तो शब्द तिच्यासाठी नव्हता, हेही मलाच सांगायचं आहे. दोन्ही गोष्टी मी अजून तिला सांगितलेल्या नाहीत.